खोळीतली गाठ

माझ्या थोरल्याला काय अवदसा आठवली कोण जाणे, तो चांगला वागायला लागला. बाकीच्या आया मुलं बिघडली म्हणून रडतात. माझा सुधारला, आणि त्याने आम्हा सगळ्यांचं जगणं मुश्कील करून टाकलं.

त्याचं सुधारणं म्हणजे काय ते सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की ही बाईच तिरपागडी. जन्मल्यापासून या मुलाने माझं एक वाक्य सरळ ऐकून घेतलेलं नाही. मी म्हणावं खिडकी लाव, की हा म्हणणार, गुदमरून मरायचंय का? मी म्हणावं बरं उघड, की म्हणणार, कापडावर धूळ बसते ती कोण झटकणार? चहा पांचट, भाजी अळणी, आणि आई, तुझी शिलाई वाकडी. माझी शिलाई! आमचं खुर्च्या आणि सोफे मढवायचं दुकान आहे. खाली कारखाना, वर घर. ह्यांच्या मागे ते मी चालवलं, आणि माझ्या हातची शिलाई उसवलेली एक खुर्ची मला कुणी आणून दाखवावी. तर दिवसभर तो आणि मी एकमेकांच्या उरावर बसलेले असतो, आणि त्यातच घर नीट चाललेलं असतं.

असा हा माणूस एक दिवस जेवून उठताना मला म्हणाला, "आई, छान झालं होतं गं आज."

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. मी सुनेकडे पाहिलं. सून खाली ताटात बघत बसली, आणि तिची बोटं ताटातच थांबली. त्या दिवशी भाजी करपली होती.

पण हे मधूनच सांगितलं. सुरुवात त्याच जेवणाच्या टेबलावर झाली, थोडी आधी.

आमच्या कामात बारीक खिळे तोंडात धरतात. तुम्ही तोंड वाकडं कराल, पण याला दुसरा उपाय नाही. एक हात कापड ताणून धरायला लागतो, दुसऱ्यात हातोडी. मग खिळा कोण देणार, देव? म्हणून मूठभर खिळे गालात टाकायचे, जिभेने एकेक पुढे ओठांवर आणायचा. हातोडीच्या एका तोंडाला चुंबक असतं, ते ओठांशी नेलं की खिळा त्याला चिकटतो. एक टिचकी मारून रोवायचा, हातोडी फिरवून दुसऱ्या तोंडाने ठोकायचा. आमचे हे तसंच करायचे. थोरलाही तसंच करतो, ह्यांच्याच हातोडीने. धाकट्याने स्टेपलचं मशीन आणलं तेव्हा दोघा भावांत एवढं वाजलं की समोरचा चष्मेवाला दुकान टाकून बघायला आला. "स्टेपल मारायचं तर पुठ्ठ्याच्या खोक्यांचा धंदा कर," असं थोरला म्हणाला होता. तेही गालात खिळे असताना.

तर थोरल्याचा डावा गाल कायम फुगलेला. सकाळी फुगलेला, दुपारी फुगलेला. ज्या घरात गाल फुगलेला असणं म्हणजे माणूस कामात आहे, त्या घरात फुगलेला गाल कोण बघतं?

त्या दिवशी जेवायला बसलो. हा घास उजव्या बाजूने चावत होता आणि डावा गाल तसाच.

"जेवताना तरी थुंक रे ते खिळे," मी म्हटलं. "एखादा पोटात गेला की मग माझ्या नावाने बोंब मारशील."

"थुंकलेत," तो म्हणाला.

"मग गालात काय, घर बांधलंय?"

"काही नाही. जेव तू."

मी उठले आणि त्याची हनुवटी धरली. एवढा मोठा घोडा, पण हनुवटी माझ्याच मुठीत बसते. तोंड उघडायला लावलं. खिळा एकही नव्हता. मग बाहेरून बोट फिरवलं, तर खाली जबड्याच्या हाडाशी टणक उंचवटा. दाबला तर हलेना, आणि त्याला दुखेनाही.  पहिला विचार आला तो हाच, की खिळा हिरडीतून आत रुतला आणि त्याच्यावर मांस चढलं. मी तरातरा खाली गेले, ह्यांची हातोडी घेऊन वर आले आणि चुंबकाचं तोंड त्याच्या गालाला लावलं.

धाकटा म्हणाला, "आई, हे काय करतेस?"

"गप बस."

हातोडी चिकटली नाही. मी वर नेली, खाली नेली, कानाशी नेली, हनुवटीशी नेली. हातात काही ओढ जाणवेना. याच हातोडीने मी सोफ्यांच्या पोटातून हरवलेल्या सुया काढलेल्या आहेत. आत लोखंडाचा कण असता तर तिने सांगितलं असतं. मी हातोडी टेबलावर ठेवली. ठेवताना ती ताटाला लागली, जड आहे ती.

तेव्हा सून हळूच म्हणाली, "आई, ते बऱ्याच महिन्यांपासून आहे."

म्हणजे हिला ठाऊक होतं! याने तिला शपथ घातली होती. आणि माझ्यासमोर येताना हा मुद्दाम त्या गालात खिळे टाकायचा. मापं घेताना टाकायचा, हिशेब करताना टाकायचा. मापं घेताना कुणी तोंडात खिळे धरतं का? ते जाऊ दे.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू घाबरली असतीस."

"मी?" मी म्हटलं. "मी घाबरणार?"

त्यावर नेहमीचा थोरला असता तर म्हणाला असता, मग हातोडी का आणलीस गालाला लावायला. हा उठून हातोडी खाली ठेवून आला. तिथूनच त्याचं सुधारणं सुरू झालं म्हणायचं.

कोपऱ्यावरच्या दातवाल्या डॉक्टरने यंत्र डोक्याभोवती फिरवून फोटो काढला. अख्खा जबडा त्यात पसरून दिसतो, कातडं सोलून खिळ्यांनी पाटावर ताणल्यासारखा. डाव्या बाजूला दाढांच्या खाली काळा गोल, आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके. दातवाल्याने चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाला, हे माझ्या हातचं नाही, मोठ्या हॉस्पिटलात जा.

धाकटा पायऱ्या उतरताना म्हणाला, "आई, ते पांढरं म्हणजे खिळेच असणार ना? चुंबक बाहेरून पोचलं नसेल."

मी म्हटलं, "असतीलच." थोरला म्हणाला, "असतील." सूनही म्हणाली, असतील. आपल्या माणसाच्या हाडात खिळे रुतलेले असावेत अशी आशा कुठल्या घराने एवढ्या मनापासून केली नसेल.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाई उंच, केस बारीक कापलेले, बोलणं तुटक. जबड्याचं ऑपरेशन करणाऱ्या त्या. मी आधी त्यांचं स्टूल पाहिलं. गादी एका कडेला उसवलेली, आतला फोम पिवळा पडून बाहेर आलेला. पण त्या त्याच्यावर अशा सरळ बसल्या होत्या की मी मनात म्हटलं, ठीक आहे, हिला कामापुढे बुडाची पर्वा नाही.

"बसा आजी," त्या म्हणाल्या.

"आजी कोणाची? मला अजून नातवंड नाही."

थोरल्याने डोळे मिटून घेतले. डॉक्टरबाई मात्र हसल्या. "बसा काकू."

त्यांनी थोरल्याच्या गालाला बाहेरून बोट लावलं, आतून लावलं. दात एकेक हलवून पाहिले. मग कापसाची बारीक वात करून त्याच्या खालच्या ओठावरून फिरवली. "कळतंय?" "कळतंय." "इथे? इथे?" "गुदगुल्या होतायत." त्यांनी मान हलवली, आणि ती मान मला बरी वाटली.

"हे खिळे आहेत का?" मी फोटोवर बोट ठेवलं.

"खिळे?"

मग धाकट्याने त्यांना आमचं काम समजावलं. डॉक्टरबाईंनी ऐकता ऐकता तोंडावर हात घेतला. "रोज? तोंडात?" म्हणाल्या, "खिळा असता तर फोटोत असा लख्ख चमकला असता, टोकासकट. हे पांढरं हाडासारखं काहीतरी आहे. गाठ आहे ही. आणि खिळ्यांनी झालेली नाही, तो विचार डोक्यातून काढा. पण ते तोंडात धरणं बंद करा, ते वेगळ्या कारणांनी."

गाठ.  थोरल्याने मांडीवरचे हात उलटे केले आणि तळव्यांकडे बघत बसला.

मी शाळेत फार गेले नाही, पण विचारायला मला कधी लाज वाटली नाही. "कसली गाठ?" मी म्हटलं. "मला नीट सांगा. कुठल्या घरातली, काय करते, काढली की जाते का पुन्हा येते. आमच्याकडे गिऱ्हाईक खुर्ची घेऊन आलं की आम्ही आधी बघतो, सांगाडा मोडलाय का भरण बसलंय का कापडच फाटलंय. ते कळल्याशिवाय हात लावत नाही."

डॉक्टरबाईंनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि स्टूल पुढे ओढलं.

"जबड्याचं हाड बाकीच्या हाडांसारखं नसतं काकू," त्या म्हणाल्या. "मांडीच्या हाडात दात उगवत नाहीत. जबड्यात उगवतात. म्हणून इथल्या गाठींची घराणी दोन. एक दाताच्या घरातली, एक हाडाच्या घरातली."

"बरं."

"दाताच्या घरात एक अगदी गरीब असते. दात तयार करायचं सामान जागच्या जागी साठतं आणि आत चिमुकल्या दातांचा ढीग होतो. काढला की संपलं. तिचीच एक बहीण आहे, ती हट्टी. दाताचं वरचं कवच ज्याच्यापासून बनतं, त्यातून ती उगवते. कॅन्सर नव्हे. पण हाडात खोल्या पाडत जाते, मधाच्या पोळ्यासारख्या. जरा कण राहिला की पुन्हा येते. तिच्यासाठी मला जबड्याच्या हाडाचा तुकडाच कापून काढावा लागतो."

थोरल्याने गिळलं. मला ऐकू आलं.

"आणि हाडाच्या घरातल्या?"

"एक नुसतं हाड, हाडावर बसलेलं, दाराच्या मुठीसारखं. ते हे नाही. एक आत खाऊन जागा करते, रक्ताने भरलेली, तीही हे दिसत नाही. मग दोन राहतात, दिसायला सारख्या. दोन्हींत धागे आणि हाडाचे कण मिसळलेले. तेच हे पांढरे ठिपके असू शकतात. पण एकीला स्वतःची कड असते. ती हाडात असून हाडापासून वेगळी असते. दुसरीला कड नसते. तिथलं हाडच बदलत जातं, कुठे गाठ संपली आणि कुठे चांगलं हाड सुरू झालं ते सांगता येत नाही. ती काढता येत नाही, फार तर तासता येते."

मला एकदम कळलं. "म्हणजे एक खोळीत घातलेली उशी," मी म्हटलं. "सोफ्याची खोळ उसवली की अख्खी उशी हातात येते. आणि दुसरीत भरण विणीतच घुसलेलं. ओढायला जावं तर कापड येतं हातात."

"तसंच," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मग ही कोणती? खोळीतली का बिनखोळीची?"

"फोटोत तीन बाजूंना कड दिसतेय. चौथ्या बाजूला पुसट आहे. तिथे ती पोळेवाली हट्टी आहे का, तेही मला आज सांगता येणार नाही."

मग मी ते विचारलं जे कुणी विचारत नव्हतं. "आणि मारणारी?"

"मी सांगितल्या त्या सगळ्या साध्यातल्या," त्या म्हणाल्या. "मारणारी बहुतेक घाईने वाढते, दुखते, दात हलवते, ओठ बधिर करते. यातलं मला इथे काही दिसत नाही. पण तुकडा काढून तपासल्याशिवाय मी शब्द देत नाही, काकू. मी तशी नाही."

मला त्यांचं ते आवडलं. गोड बोलणाऱ्या माणसाने मढवलेली खुर्ची मी विकत घेणार नाही. पण थोरल्याने या सगळ्यातलं एवढंच ऐकलं, की शब्द देत नाही.

त्यांनी मोठं स्कॅनिंग केलं, गाल सुन्न करून आतून तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. आणि उत्तर येईपर्यंतच्या दिवसांत माझा मुलगा संत झाला.

करपलेली भाजी छान झाली. खिडकी लाव म्हटलं, लावली. उघड म्हटलं, उघडली. मी चिडून पुन्हा लाव म्हटलं, तर हसून म्हणाला, "लावतो की." सुनेला बाजारात घेऊन गेला आणि तिच्या पिशव्या स्वतः उचलल्या. गिऱ्हाईक बाई आली, तिने कापड तिसऱ्यांदा बदललं, तर हा म्हणतो, "काही हरकत नाही ताई, तुमच्या मनासारखं होऊ दे." त्या बाईलाही काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असणार, तिने पहिलंच कापड घेतलं आणि निघून गेली.

डॉक्टरबाईंनी वात फिरवून पाहिली होती ते माझ्या लक्षात होतं. म्हणून रोज सकाळी मी शिलाईच्या दोऱ्याचं टोक त्याच्या खालच्या ओठावरून फिरवायची. "कळतंय?" "कळतंय आई." पूर्वी असं केलं असतं तर दोऱ्यासकट मला जिन्यावरून खाली पाठवलं असतं. आता वासरासारखा मान पुढे करून उभा. माझ्याच तळपायाची आग मस्तकात जायची. मी घाबरले होते असं कुणी म्हणेल. मी घाबरले नव्हते. एका आरामखुर्चीची पाठ मी त्या आठवड्यात फुलं खाली डोकं वर पाय करून शिवली, पण तो कापडाचा दोष होता. कुठल्याही बाजूने सारखंच दिसणारं कापड ते.

मग एक दिवस धाकटा वर आला. मी भाजी निवडत होते. तो दारात उभा राहिला आणि आत येईना.

"काय रे?"

त्याने पाठीमागचा हात पुढे केला. हातात ह्यांची हातोडी.

"दादाने मला दिली," तो म्हणाला.

"कशाला?"

"म्हणाला, ठेव. तुझीच आहे." मग त्याचा चेहरा असा वाकडातिकडा झाला, लहानपणी व्हायचा तसा. "आई, तो म्हणाला, स्टेपलही चांगलंच असतं. म्हणाला, मी उगाच भांडलो तुझ्याशी."

 हातोडी दिली ते मी एक वेळ सोसलं असतं. पण स्टेपल चांगलं! माझा मुलगा आपल्या पायाने सरणावर चढून, हात जोडून, सगळ्यांचा निरोप घेत होता, आणि आम्ही त्याला चहा देत होतो.

मी हातोडी घेतली आणि खाली गेले. तो स्प्रिंगा बांधत होता. एकटाच, तोंड रिकामं, गाल मात्र फुगलेला.

"ही तुझी आहे," मी म्हटलं.

"धाकट्याला दिली गं. माझ्यानंतर त्यालाच..."

"तुझ्यानंतर काय? कुठे निघालायस?"

त्याने दोरी गाठीत ओढून बसवली. गाठ उत्तम होती, ते सांगायलाच हवं. मग म्हणाला, "आई, मला वाटतं, मी तुला फार त्रास दिला."

मी हातोडी बाकावर आपटली. त्याला जे सुनवायचं होतं ते तसंच राहिलं. मी वर निघून आले आणि उरलेली भाजी निवडली. जेवताना कळलं की देठ पातेल्यात गेले आणि पानं कचऱ्यात. त्याने ते देठ खाल्ले. छान झालंय म्हणाला.

उत्तर आलं त्या दिवशी आम्ही चौघंही गेलो. दुकानाला कुलूप लावून गेलो, जे ह्यांच्या जाण्यानंतर आम्ही कधी केलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी पडद्यावर स्कॅनिंगची चित्रं लावली होती. जबड्याचे पातळ काप, पावाचे करावेत तसे. त्या काहीतरी लांब नाव म्हणाल्या, ऑसिफाइंग की काय फायब्रोमा. ते माझ्या जिभेवर अजून नीट बसत नाही.

"ते नाव ठेवा बाजूला," मी म्हटलं. "खोळीतली का?"

थोरला जमिनीकडे बघत होता. सुनेने माझा पदर धरला होता, कधी धरला कोण जाणे.

डॉक्टरबाईंनी पेनाच्या टोकाने चित्रावर एक गोल काढला. सावकाश, सगळीकडून, सुरू केला तिथेच आणून मिटवला. ती पुसट बाजूही या कापांत स्वच्छ दिसत होती, पांढरी बारीक रेघ, उशीच्या कडेला शिवतात त्या पाइपिंगसारखी.

"खोळीतली," त्या म्हणाल्या. "हाडाच्या घरातली, साधी, कड असलेली. पोळेवाली नाही, आणि मारणारी तर नाहीच. तोंडाच्या आतून उघडेन, अख्खी काढेन. जबडा कापायचा नाही. बाहेर व्रणसुद्धा दिसणार नाही."

जीव भांड्यात पडला म्हणतात ना, माझा तर भांडं घेऊन गडगडत गेला. धाकटा रडायला लागला, सून हसायला लागली, आणि थोरल्याने विचारलं, "म्हणजे नक्की?"

"यावेळी शब्द देतेय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फक्त नंतर मी बोलवेन तेव्हा फोटो काढायला यायचं. काढलेल्या गाठीकडेही अधूनमधून बघावं लागतं."

मी पर्समध्ये चष्मा शोधत होते. चष्मा डोळ्यांवरच होता.

ऑपरेशन झालं. गाठ अख्खी निघाली, हाडापासून सुटून, एका तुकड्यात. डॉक्टरबाई बाहेर येऊन मला हेच आधी म्हणाल्या, "काकू, खोळ उसवली आणि उशी हातात आली." मी विचारलं, शिवलंत कसल्या सुईने. म्हणाल्या, वाकड्या. आम्हीही खुर्चीच्या पाठीच्या कडा वाकड्या सुईनेच शिवतो, सरळ सुई तिथे फिरतच नाही. दुसऱ्या दिवशी थोरल्याचा गाल बाजूला ओढून मी टाके पाहिले. सारख्या अंतरावर, ना ओढलेले, ना सैल. मी बाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, एवढं कडक तपासणारं माणूस त्यांना परीक्षेतही भेटलं नव्हतं. मग मी त्यांचं स्टूल धाकट्याच्या डोक्यावर देऊन घरी आणलं आणि नवीन गादी घालून परत पाठवलं. मीच शिवलं. फुलंबिलं नाहीत त्याच्यावर.

घरी आल्यावर थोरला पातळ खाण्यावर होता, बोलायचं नाही अशी सक्ती. त्या दिवसांत मी त्याला जे सुनवायचं ते पोटभर सुनवून घेतलं. तो हुं हुं करायचा. पण डोळ्यांत अजून तो शहाणा, समजूतदार भाव, परक्याच्या घरी बसल्यासारखा. मला वाटलं, गाठ गेली पण माणूस काही परत आला नाही.

सूज उतरली, तोंड मोकळं झालं, तेव्हा तो पहिल्यांदा खाली कारखान्यात आला. मी खिडकीशी शिवत होते. धाकटा एक मोठा सोफा पुरा करून कड दाबत होता. थोरला आपला हळूहळू फिरला. कापडाच्या थप्पीवर हात ठेवला, काथ्याला हात लावला. सोफ्यापाशी आला. वाकला. खालच्या बाजूचं कापड बोटाने उचललं. आणि मग ओरडला.

"हे काय आहे?"

"काय?" धाकटा म्हणाला.

"हे! स्टेपल! बैठकीखाली वजन पेलणाऱ्या पट्ट्याला स्टेपल? गाढवा, माणूस बसणार आहे याच्यावर, का बिस्किटांचं खोकं आहे हे? सगळं उपट! एकूण एक! आणि ती हातोडी कुठाय माझी? तुला दिली म्हणजे काय गंज चढवायला दिली?"

अर्धे शब्द गालातून सुटत होते, पण आवाज तोच. समोरचा चष्मेवाला दारात आलाच. धाकटा हातात मशीन घेऊन उभा, आणि तोंडभर हसू. वरून सून जिन्यात आली आणि तिथेच पायरीवर बसली, पदर तोंडाला लावून. माझ्या सुईला दोरा दिसेना.

हे सगळं पाहून थोरला भानावर आला. त्याने आमच्याकडे पाहिलं, चेहरा मऊ केला, आणि माझ्याजवळ येऊन, अगदी त्या आजारपणातल्या गोड आवाजात म्हणाला, "चुकलं आई. मी असं ओरडायला नको होतं."

मी शिवण खाली ठेवली. उठले, आणि त्याची हनुवटी पुन्हा मुठीत धरली, उजव्या बाजूने, टाक्यांना धक्का न लावता.

"ऐक," मी म्हटलं. "तुझ्या जबड्यात होती ती साध्यातली निघाली. पण तुझं हे गोड वागणं आहे ना, ते वाईटातलं होतं. त्याला कड नव्हती, खोळ नव्हती, सगळ्या घरात पसरत चाललं होतं. आत्ता तू ओरडलास तेव्हा ते मुळासकट निघालंय. ते जर पुन्हा उगवलं, तर मी डॉक्टरबाईंकडे नेणार नाही, मीच हातोडी घेईन. आता जा, आणि त्या गाढवाकडून सगळे स्टेपल उपटून घे. आणि आजची भाजी अळणी आहे, ते जेवताना तुझ्या तोंडून मला ऐकू आलं पाहिजे."